दुखू दे, एवढंच मागणं

लोक देवाजवळ दुखणं बरं कर म्हणून मागतात. मी मात्र कित्येक वर्षं देव्हाऱ्यासमोर उभी राहून, माझ्या मुलीला थोडं तरी दुखू दे, असं मागत आले. ऐकणाऱ्याला वाटेल, ही आई आहे की वैरीण. पण ज्या घरात पोर पोळलेल्या हाताने शांतपणे चित्र रंगवत बसते, त्या घरातल्या बाईला विचारा. माझं मागणं देवाने कधी ऐकलं नाही. तो आहे का, आणि असलाच तर बोरिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत त्याचं लक्ष पोचतं का, ही शंका मला कायम असायची. तरी हात जोडायची सवय काही सुटत नव्हती. माहेरची सवय, चहासारखी लागलेली.

सई बाळ असताना लस टोचली तरी रडायची नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, काय गुणी पोर आहे गं तुझी, आणि मला कोण अभिमान वाटायचा. दात आले आणि कौतुक संपलं. ती स्वतःची जीभ चावायची, बोटांची टोकं कुरतडायची, आणि रक्ताने माखलेलं तोंड घेऊन माझ्याकडे बघून हसायची. मग तपासण्या सुरू झाल्या. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसा हिच्या शरीरात जन्मापासूनच घडलेल्या नाहीत. हा फार थोड्या मुलांना होणारा आनुवंशिक आजार आहे. माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या, संदेशच्या, दोघांच्याही रक्तात तो गुपचूप बसला होता, आणि सईमध्ये दोन्हीकडून एकत्र आला. हिला घामही येणार नाही, असं ते म्हणाले. म्हणून उन्हाळ्यात आम्ही तिच्या अंगावर ओला पंचा टाकून ठेवतो, नाहीतर अंग तव्यासारखं तापतं.

मी अंधेरीच्या एमआयडीसीतली नोकरी सोडली. रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायच्या आधी सईला पलंगावर बसवून डोक्यापासून तळपायापर्यंत बघायचं, हे माझं काम झालं. आधी टाळू, मग कान, तोंड, जीभ, बोटं, कोपर, गुडघे, शेवटी तळवे. इतर मुलांना देवाने दुखण्याचा पहारेकरी दिलाय, आमच्याकडे तो नाही, म्हणून पहाऱ्याला मी. संदेश चेष्टा करायचा, "सई, चल, कस्टमवाली आली. सामान उघडून दाखव." तो हसायचा, सई हसायची, मी हसत नसे. एकदा मला ताप होता म्हणून त्याने ही तपासणी केली, तर तो उठल्यावर मी तशीच उठून पुन्हा पहिल्यापासून केली. माझा कोणावरच विश्वास नव्हता, देवावर तर नाहीच.

सई दुसरीत असताना तिच्या डाव्या टाचेला मला ऊब लागली. सूज थोडीशीच होती. ती दिवसभर त्याच पायावर लंगडी खेळून आली होती आणि जिंकलीही होती. एक्स-रे काढला तर टाचेचं हाड कधीतरी मोडलेलं निघालं, आणि मोडलेल्या जागी पू धरलेला. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हे उघडून साफ करायला हवं, उशीर झाला तर पाय वाचेलच असं नाही. आमच्या घराजवळच त्यांचं नर्सिंग होम आहे. भुलेचं काय, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "तिला दुखतच नाही ना? मग पूर्ण भूल कशाला? थोडं गुंगीचं देऊ, दोघंजण धरतील, काम पटकन होईल." आम्हाला हे ऐकून उलट बरंच वाटलं. औषध जितकं कमी तितका धोका कमी, असाच आमचा हिशेब. आजारातलं तेवढंच एक सुख पदरात पडतंय, असं मी संदेशला म्हटल्याचंही मला आठवतं.

ऑपरेशनच्या सकाळी माझ्या सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. बाबा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मुंबईत गिरणी होती तोवर गिरणीत होते, मग एका सोसायटीत वॉचमन. घरात महत्त्वाचं काहीही निघालं, की गावच्या सातेरी देवीच्या नावाने नारळ ठेवायचा आणि मोठ्याने तिला सगळी हकिकत सांगायची, ही त्यांची रीत. सईला हा प्रकार भारी आवडतो, कारण प्रत्येक वाक्यानंतर ओरडायला मिळतं. बाबा म्हणाले, "गे माऊली, आज ह्या चेडवाच्या पायाचा ऑपरेशन आसा, ता नीट पार पाड," आणि सई खुर्चीवरून ओरडली, "होय म्हाराजा!" मग नारळ फुटला. सईला काही खायला द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे मी घरात सगळ्यांना आदल्या दिवसापासून बजावलं होतं. बाबांनीच तिच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं होतं.

नर्सिंग होममध्ये सिस्टरने विचारलं, काही खाल्लंय का. मी ठणकावून नाही म्हटलं. सई म्हणाली, "खाल्लं ना. प्रसाद." गाऱ्हाणं ज्याच्यासाठी घातलं, त्याच्या हातावर पहिला प्रसाद ठेवायचा, तसा बाबांनी तो ठेवला होता, आणि पोर रिक्षात बसून चांगलं मोठं खोबरं चावून चावून खात आली होती. माझ्या शेजारी बसून. मी बाहेर रस्त्याकडे बघत होते. डॉक्टर वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. भरल्या पोटी गुंगी देता येत नाही. त्यांच्याकडची पुढची सगळी ऑपरेशनं ठरलेली होती, त्यामुळे आमचा नंबर पार पुढच्या आठवड्यावर गेला. तोवर इंजेक्शनं चालू ठेवायची आणि वाट बघायची.

घरी आल्यावर मी बाबांना जे बोलले ते सुनेने सासऱ्याला बोलायचं नव्हतं. तुमच्या देवीला एवढंही कळलं नाही का, असं मी विचारलं. ते पाटावर बसले आणि एवढंच म्हणाले, "माका वाटला, प्रसाद म्हणजे काय खाणा न्हय." आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे उपासालाही प्रसाद चालतो, निर्जळी करणारा माणूसही तीर्थ घेतो, त्याला कोणी खाणं धरत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण डोक्यात राग होता आणि तो कुठेतरी काढायचा होता. त्या आठवड्यात मी दिवा लावला नाही. संध्याकाळी सईची टाच हातात घ्यायची, आदल्या दिवसापेक्षा जास्त गरम लागायची, आणि मनात यायचं, की ज्या पायासाठी नारळ फोडला, तो पाय त्याच नारळाने घालवला. बाबा जेवायचे नाहीत, ताट सरकवून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. सई त्यांच्यामागे लंगडत जायची आणि मी तिला ओरडायची.

ठरलेल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नारळ नाही, गाऱ्हाणं नाही, बाबांना घरीच ठेवलं. नेहमीचे भुलेचे डॉक्टर बाहेरगावी गेल्यामुळे त्यांच्या जागी एक बाई येणार होत्या. त्या उशिरा आल्या, केस विस्कटलेले, गळ्यात बारीकसा क्रूस, सलवारीचे काठ ओले. गोराईहून खाडी ओलांडून आल्या होत्या आणि ओहोटीमुळे बोट मध्येच खोळंबली होती. मला वाटलं, झालं, आता या आल्या आल्या टोचून मोकळ्या होणार. त्या सईच्या कॉटवर बसल्या. तिला नाव विचारलं, लंगडीत कोण जिंकलं ते विचारलं, आणि बोलता बोलता तिच्या गळ्याखाली, मग काखेत हात घातला. हात तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं, "हिला घाम येत नाही?" मी म्हटलं, कधीच नाही. त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली.

आजवर नर्सिंग होममध्ये दुखत नाही का, हे सगळ्यांनी विचारलं होतं. घामाचं कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही आपण होऊन सांगितलं नव्हतं, कारण टाचेच्या ऑपरेशनशी घामाचा काय संबंध. बाई म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा असं एक मूल पाहिलं होतं. दुखत नाही म्हणून सगळे निर्धास्त होते." त्या मुलाचं पुढे काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग अगदी शांतपणे, मी काही त्यांची विद्यार्थिनी असल्यासारखं, त्यांनी मला समजावलं. दुखत नाही म्हणजे काहीच कळत नाही असं नसतं. हात लावलेला कळतो, दाबून धरलेलं कळतं, भीती तर पुरेपूर कळते. अर्धवट गुंगीत दोघांनी धरलं, तर ती घाबरेल, धडपडेल, अंग तापेल, आणि घामच नसल्यामुळे तो ताप उतरायला वाट नाही. अशा मुलांचे हृदयाचे ठोके मध्येच एकदम मंदावू शकतात. पोटातलं अन्नही उशिरा पुढे सरकतं. म्हणून हिला वेदनेवरचं औषध जवळजवळ लागणार नाही, पण झोप पूर्ण लागेल, आणि त्या झोपेत तिच्यावर सतत नजर ठेवायला माणूस आणि यंत्रं दोन्ही हवीत. "इथे नको," त्या म्हणाल्या, "आणि आज तर नकोच."

हाडांच्या डॉक्टरांशी त्या आत जाऊन बोलल्या. मला वाटलं, वाद होणार. पण ते बाहेर आले आणि म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं. यांचं ऐकूया." त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही. बाई ज्या मोठ्या हॉस्पिटलात काम करतात, तिथे लहान मुलांचं आयसीयू आहे. तिथे दोनच दिवसांत ऑपरेशन करायचं ठरलं, आणि ते करायला आमचे डॉक्टरही येणार होते. निघताना न राहवून मी बाईंना खोबऱ्याची हकिकत सांगितली, आणि म्हणून आज बाबांना घरीच ठेवलंय, हेही. मला वाटलं, त्या हसतील किंवा रागावतील. त्यांनी चपला घालता घालता विचारलं, "म्हणजे त्या दिवशी ऑपरेशन त्यामुळे थांबलं?" मी हो म्हटलं. "मग सासऱ्यांना का घरी बसवून ठेवलंय?"

मी घरी गेल्यावर बाबांच्या ताटात भात वाढला, वर माशाचं कालवण वाढलं आणि समोर बसून राहिले. ते जेवले. माफी मागायला शब्द लागतात, ते माझ्याजवळ नव्हते. त्यांनाही ते नको असावेत.

ऑपरेशनच्या दिवशी बाबा आमच्याबरोबर आले. सईला आत नेण्याआधी बाई वॉर्डात आल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही रोज हिला बघता ना, तसं एकदा मला दाखवा." मी दाखवलं. टाळू, कान, तोंड, जीभ, बोटं, कोपर, गुडघे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या की ताप चढतोय असं समजायचं, आणि ही बोलायची थांबली की काहीतरी बिघडलंय, बाकी कुठली खूण नाही, हेही सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या, जिथे माझा हात जाई तिथे पाठोपाठ त्यांचा हात जाई. आजवर ही माझी एकटीची वाट होती, आणि त्या वाटेवर कोणी मागून येतंय हे मला पहिल्यांदा जाणवलं. शेवटी उजवा तळवा बघून झाला, तेव्हा त्यांनी सईचे पाय चादरीखाली घेतले आणि म्हणाल्या, "बरं. आता मी बघते."

दार लागलं. बाहेरच्या बाकावर मी बसले, शेजारी बाबा. संदेश औषधं आणायला खाली गेला होता. बाबा ओठातल्या ओठात सातेरीला काहीतरी सांगत होते. मी जप करायचा ठरवलं होतं, पण नाव ओठावर येईना. मी मागायला तोंड उघडलं आणि काय मागावं तेच आठवेना. तिला दुखू दे, हे तर आता मागून उपयोग नव्हता. मी नुसतं मनात म्हटलं, आता मी बघत नाहीये, माझ्याच्याने होत नाही. एवढंच. ही प्रार्थना होती की हात टेकणं होतं, मला ठाऊक नाही. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही, कारण मला झोप लागली.

मुलगी आत ऑपरेशन टेबलावर आणि आई बाहेर गाढ झोपलेली, हे दृश्य कोणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे. सई झाल्यापासून मी तशी झोपले नव्हते. स्वप्न नाही, दचकणं नाही. देवी दिसली नाही, आवाज आला नाही, प्रकाशबिकाश काही नाही. फक्त खांद्यावरून कोणीतरी भरलेला हंडा उतरवून घ्यावा, तसं झालं. जाग आली तेव्हा माझं डोकं बाबांच्या खांद्यावर होतं. आमच्या घरात सून सासऱ्यांच्या पुढ्यात पाय पसरून बसत नाही, आणि मी त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. मी गडबडून उठले. बाबा हात चोळत होते. "हाताक मुंग्या इल्यत," ते म्हणाले, "पण म्हटला, हलाचा नाय. तुका जाग येतली." मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. हाड साफ झालं होतं आणि पाय वाचला होता. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की मध्ये एकदा ठोके एकदम खाली आले होते. त्यांची तयारी होती, औषध भरून हाताशीच ठेवलं होतं. दिलं, आणि ठोके परत आले. गादीखाली गार पाणी फिरवून अंगही तापू दिलं नव्हतं. त्या हे भाजी निवडत बोलावं तसं सांगत होत्या. मी मात्र मनात जुळवून बघत होते, की हे झालं तेव्हा मी काय करत होते. मी झोपले होते. जी मी तिच्या बोटाला खरचटलं तरी सोडत नाही, ती मी, तिचं हृदय थांबायला आलं तेव्हा झोपले होते, आणि त्याने काहीही अडलं नव्हतं. मी बाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "अहो, नको. माझी बोट चुकेल," म्हणाल्या, आणि खरंच भराभर निघून गेल्या.

देवाने काय केलं आणि काय केलं नाही, याचा वाद मी घालत नाही. बाई सईला कधीतरी दुसऱ्या कुणामुळे भेटल्याही असत्या. पण नारळ फोडला त्या पहिल्या सकाळी, पोट रिकामं असतं तर, माझी मुलगी अर्ध्या गुंगीत, दोघांच्या हाताखाली धडपडली असती, आणि तिचे ठोके उतरले असते तेव्हा तिथे तयारीत कोणी नसतं. एवढं मला कळतं. जे मी संकट म्हणून शिव्या घालत होते, त्यानेच आम्हाला थांबवून ठेवलं होतं. आता मी देवासमोर उभी राहते तेव्हा काही मागत नाही. सई जशी आहे तशी त्याची आहे, मला ती सांभाळायला दिली आहे, आणि सांभाळणारी मी एकटी नाही, हे मनाला पटायला मला इतकी वर्षं लागली. ज्यांनी ज्यांनी तिच्यावर हात ठेवला, त्या सगळ्यांमध्ये मी आज त्यालाच नमस्कार करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयसीयूमध्ये मला आत सोडलं. सई जागी होती, चेहरा सुजलेला, पायाला मोठं बँडेज. भूक लागली म्हणून कुरकुरत होती, म्हणजे ठीक होती. मला बघून तिने चौकशी सुरू केली. काल मी आत होते तेव्हा तू काय करत होतीस? मी खोटं बोलणार होते, पण बोलले नाही.

"झोपले होते," मी म्हटलं.

तिला याचं फारच नवल वाटलं. मग तिने विचारलं, "मग माझ्याकडे कोण बघत होतं?"

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ते गार होतं.

"होतं कोणीतरी," मी म्हटलं.

"हां," सई म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.